नाव संस्थेचे, किल्ली कोणाकडे?

रविवारची सकाळ होती. मुलाकडे पुण्यास राहावयास गेलेल्या आमच्या एका ज्येष्ठ सभासदांचा दूरध्वनी आला. वय ऐंशीच्या पुढे, आवाजात संकोच आणि संताप सारखाच. म्हणाले, "अहो, आपल्या वाचनालयाचा पत्ता नातवाला संगणकावर उघडून दाखवत होतो, तर तिथे पत्ते निघाले! जुगाराचे पत्ते. नातू हसला. मला मात्र तोंड लपवावेसे वाटले."

शतक ओलांडलेले हे वाचनालय माझ्या बालपणीच्या तालुक्याच्या गावातले. त्याच्या शतकपूर्तीच्या वर्षी मोठ्या हौसेने संकेतस्थळ सुरू झाले. दुर्मीळ ग्रंथांची सूची, जुन्या नियतकालिकांच्या मुखपृष्ठांची छायाचित्रे, आद्य देणगीदारांची नामावली असे बरेच काही त्यावर होते. संकेतस्थळाचा पत्ता स्मरणिकेच्या मलपृष्ठावर छापला, पावतीपुस्तकांवर छापला, रबरी शिक्क्यावरही कोरून घेतला. त्या कार्यकारिणीत मी स्वतः होतो. म्हणून पुढे जे लिहितो आहे त्यात माझ्यावरचा ठपकाही आहे, हे आधीच सांगून टाकतो.

चौकशी केली तेव्हा उलगडले ते असे. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे ज्याला डोमेन नेम म्हणतात ते, एका उत्साही तरुण कार्यकर्त्याने नोंदवले होते. स्वतःच्या कार्डाने पैसे भरून, स्वतःच्या नावावर आणि तेव्हाच्या नोकरीतील ईमेलवर. पुढे त्याने नोकरी बदलली, तो बंगळुरूला गेला, तेथून परदेशी गेला. नोंदणीची मुदत संपत आल्याची स्मरणपत्रे त्या बंद पडलेल्या ईमेलवर जात राहिली. मुदत संपली, नाव मोकळे झाले आणि अशा मोकळ्या नावांवर टपून बसलेल्या कोणीतरी ते उचलले. नाव परत देण्यासाठी जी रक्कम मागण्यात आली, ती वाचनालयाच्या नियतकालिकांच्या वार्षिक वर्गणीहून अधिक होती. त्या तरुणाला फोन केला तेव्हा तो मनापासून हळहळला. म्हणाला, "काका, मला वाटलं, पुढचं कमिटीनं पाहिलं असेल." आणि कमिटीला वाटत होते, तो पाहतो आहे. आमच्या रोकडवहीत त्या साली एकच ओळ आहे: 'वेबसाइट खर्च'. कोणते नाव, कोणाकडे नोंदले, किती वर्षांसाठी, याची नोंद नाही.

या प्रसंगाला काही काळ लोटला. वाचनालयाने नवे नाव घेतले. पण त्यानंतर जेथे जेथे गेलो, तेथे सहज म्हणून हाच प्रश्न विचारत गेलो. वसतिगृहे, पतसंस्था, शाळा, रक्तपेढ्या, ग्रामविकासाची कामे. "तुमच्या संकेतस्थळाचे नाव कोणाच्या नावावर आहे?" बहुतेक ठिकाणी उत्तरादाखल एखाद्या व्यक्तीचे नाव मिळाले: 'ते अमुक पाहतात.' संस्थेचे नाव क्वचितच ऐकले. म्हणून हा विषय येथे मांडावासा वाटला. मी कला शाखेचा पदवीधर. संगणकशास्त्राशी माझा संबंध टंकलेखनापुरता. परंतु हा प्रश्न मूलतः विश्वस्तपणाचा आहे, आणि तो समजण्यास अभियंता असावे लागत नाही.

पत्ता म्हणजे काय?

इंटरनेटवरील प्रत्येक संगणक आकड्यांनी ओळखला जातो. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, नावे राहतात. या दोहोंची सांगड घालणारी व्यवस्था १९८३ साली पॉल मोकापेट्रिस या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने जॉन पोस्टेल यांच्या सहकार्याने मांडली. आपण नाव लिहावे, यंत्रणेने त्यामागचा आकडा शोधून आपल्याला तेथे पोहोचवावे, अशी ती योजना. १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स नावाच्या संगणक कंपनीने 'डॉट कॉम' वर्गातील पहिले नाव नोंदवले.

आपल्याकडे याचे एक जवळचे उदाहरण आहे. एकाच नावाची अनेक गावे आणि अनेक लिपींतील पत्ते यांमुळे टपालाची चुकामूक होई. त्यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणातले, टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. वेलणकरांनी नावांच्या गोंधळातून आकड्यांची वाट काढली. इंटरनेटने आकड्यांच्या जंजाळातून नावांची. दोन्हींचे प्रयोजन एकच: पाठवलेले योग्य दारी पोहोचावे.

आपण पाकिटावर आधी घर, मग गल्ली, मग गाव आणि शेवटी देश लिहितो. संकेतस्थळाचे नावही तसेच, लहानाकडून मोठ्याकडे जाणारे. म्हणून ते उजवीकडून वाचावे. शेवटी 'डॉट इन' असेल तर ते भारताच्या खात्यातले. हे खाते १९८९ साली उघडले आणि प्रारंभीची बरीच वर्षे ते मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या शासकीय संस्थेने सांभाळले. २००३ साली निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, ही ना-नफा कंपनी स्थापन झाली; २००५ च्या जानेवारीपासून तिने 'डॉट इन' सर्वांसाठी सुलभ केले.

आता रजिस्ट्रार कोण, हे पाहू. जमिनीच्या व्यवहाराची तुलना येथे उपयोगी पडते. 'डॉट कॉम', 'डॉट ऑर्ग', 'डॉट इन' अशा प्रत्येक वर्गाचे एक मूळ दप्तर असते. त्याला रजिस्ट्री म्हणतात. हे झाले भूमी अभिलेख कार्यालय. त्या दप्तरात आपल्यासारख्या ग्राहकांची नावे चढवण्याचा परवाना ज्या कंपन्यांना असतो, त्या रजिस्ट्रार. आंतरराष्ट्रीय वर्गांसाठी हा परवाना आयकॅन ही १९९८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेली संस्था देते. 'डॉट इन'साठी निक्सी. रजिस्ट्रारच्या हाताखाली पुन्हा पुनर्विक्रेते असतात. गावातील संगणकवाला आपल्याला 'पॅकेज' देतो तेव्हा तो बहुधा अशाच एखाद्या पुनर्विक्रेत्याचा ग्राहक असतो. आपण पैसे त्याला देतो. पण सात-बाराच्या कब्जेदार सदरी नाव कोणाचे लागले, हे आपण पाहिलेले नसते.

मालकी नाही, भाडेपट्टा

पहिली गोष्ट मनावर बिंबवली पाहिजे ती ही, की डोमेन नेम कायमचे विकत मिळत नाही. ते मुदतीने मिळते. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी. भाडे भरत राहावे, नाव आपले राहते. चुकलो की हक्क संपत जातो, पायरीपायरीने. 'डॉट कॉम'सारख्या नावांच्या बाबतीत मुदत संपल्यावर रजिस्ट्रार काही दिवसांची सवलत देऊ शकतो. त्याची मर्यादा पंचेचाळीस दिवसांची आणि प्रत्येकाचे नियम निराळे. नाव खोडले गेल्यानंतरही ते सोडवून घेण्यास तीस दिवस मिळतात, पण जबर दंड भरून. त्यानंतरचे पाच दिवस कोणालाच काही करता येत नाही, आणि मग ते नाव जगातील कोणाही व्यक्तीसाठी खुले होते. आयकॅनच्या नियमानुसार रजिस्ट्रारने मुदतीपूर्वी सुमारे महिनाभर आधी आणि सुमारे आठवडाभर आधी स्मरणपत्र पाठवलेच पाहिजे. नियम चांगला आहे. पण स्मरणपत्र जाते ते नोंदलेल्या ईमेलवर. तो ईमेल कोण उघडतो, हे पाहणे रजिस्ट्रारचे काम नाही.

हे केवळ छोट्या संस्थांचे होते असे नाही. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीकडून एका महत्त्वाच्या नावाचे नूतनीकरण राहून गेले आणि हॉटमेल वापरणारे असंख्य लोक अडकले. अखेर एका त्रयस्थ प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातून पस्तीस डॉलर भरून ते नाव सुरू करून दिले. दुसरी कथा आपल्या मातीशी जोडलेली आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये मूळचे कच्छमधील मांडवीचे सन्मय वेद यांना अमेरिकेत शिकत असताना गुगलच्या नोंदणीसेवेत प्रत्यक्ष गुगलचेच 'डॉट कॉम' नाव विक्रीस दिसले. त्यांनी बारा डॉलर भरले आणि सुमारे मिनिटभर ते नाव त्यांच्या खाती राहिले. चूक निदर्शनास आणून दिल्याबद्दल गुगलने त्यांना सहा हजार सहा डॉलर आणि तेरा सेंट देऊ केले. वेद यांनी ती रक्कम स्वतः न घेता आर्ट ऑफ लिव्हिंगच्या भारतातील शिक्षणकार्यास देण्यास सांगितले, तेव्हा गुगलने ती दुप्पट केली. प्रामाणिक माणूस भेटला म्हणून ही कथा गोड झाली. आमच्या वाचनालयाला तसा माणूस भेटला नाही.

न्यायालयात दाद मागता येते का? येते. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने 'रेडिफ' आणि 'रॅडिफ' या एका अक्षराच्या वादात डोमेन नेमला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळाले पाहिजे, असा निर्णय दिला. २००४ साली सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. 'डॉट इन' नावांच्या तंट्यांसाठी लवादाची स्वतंत्र व्यवस्थाही आहे. परंतु ही संरक्षणे मुख्यतः दुसऱ्याच्या लबाडीविरुद्ध आहेत. आपण भाडे भरायचे विसरलो, याला कायद्याकडे फारसा उतारा नाही. शिवाय वकील, शुल्क आणि कालहरण हे सारे एखाद्या वाचनालयाने कोठून आणावे?

रजिस्ट्रार निवडताना

मग रजिस्ट्रार निवडावा कसा? बाजारात पहिल्या वर्षाचा भाव ठळक अक्षरांत लिहिलेला असतो. तो आमिषाचा भाव असतो. खरा विचार नूतनीकरणाच्या भावाचा करावा, कारण संस्था एका वर्षासाठी काढलेली नसते. त्यामुळे पहिला प्रश्न असा विचारावा की, पाच वर्षांचे मिळून किती पडतील, आणि मुदत चुकली तर सोडवणुकीचा दंड किती.

दुसरा प्रश्न बाहेर पडण्याचा. आज आवडलेला रजिस्ट्रार उद्या नकोसा झाला तर नाव दुसरीकडे नेता येते. तो ग्राहकाचा हक्क आहे. त्यासाठी एक गुप्त संकेतांक लागतो. तो खात्यातून आपल्याला सहज काढता येतो, की त्यासाठी विनवण्या कराव्या लागतात, हे आधीच पाहावे. आंतरराष्ट्रीय वर्गांत नवीन नोंदणीनंतरचे पहिले साठ दिवस नाव हलवता येत नाही, एवढे लक्षात ठेवावे. भाडेकरूने घर पाहताना मागचे दारही पाहून घ्यावे, तसे हे आहे.

तिसरा प्रश्न सुरक्षेचा. खात्यात शिरताना पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी आहे का? नाव परस्पर हलवले जाऊ नये म्हणून कुलूप लावण्याची सोय आहे का? अडचणीच्या वेळी बोलायला माणूस मिळतो का? संस्थेच्या नावाने जीएसटीसह रीतसर पावती मिळते का? ही पावती लेखापरीक्षकासाठी तर हवीच. पण वाद उद्भवल्यास 'पैसे संस्थेने भरले' याचा तो पहिला पुरावा असतो.

चौथी गोष्ट म्हणजे नाव आणि जागा वेगळी ठेवणे. संकेतस्थळाचा मजकूर ज्या संगणकावर राहतो ती जागा; नाव म्हणजे दारावरची पाटी. दोन्ही एकाच दुकानात स्वस्त मिळतात म्हणून एकत्र घेतली जातात. पुढे जागेवरून भांडण झाले की पाटीही अडकून पडते. दोन ठिकाणी दोन गोष्टी ठेवण्याचा त्रास थोडा आहे, आणि त्यातून मिळणारी मोकळीक मोठी आहे.

स्वदेशीचा प्रश्न

आपल्या वाचकांच्या मनात येथे साहजिकच एक प्रश्न येईल: रजिस्ट्रार भारतीय असावा का? माझे उत्तर होय असे आहे. मात्र ते केवळ भावनेचे उत्तर असू नये. देशी वाटणारे नाव आणि देशी मालकी या भिन्न गोष्टी आहेत. १९९८ साली मुंबईत तुरखिया बंधूंनी डायरेक्टी ही कंपनी सुरू केली. नोंदणीच्या व्यवसायात तिने जगात नाव कमावले, ही अभिमानाची गोष्ट. पण २०१४ साली तिचा हा व्यवसाय एन्ड्युरन्स या अमेरिकी कंपनीकडे गेला. नावे तीच राहिली, मालक बदलला. गुगलनेही आपली नोंदणीसेवा २०२३ साली दुसऱ्या कंपनीस विकून टाकली आणि लक्षावधी ग्राहक न विचारता नव्या दारी गेले. तेव्हा पाटीवरील झेंडा पाहून निर्धास्त होणे परवडणारे नाही.

तरीही देशाचा प्रश्न उरतोच. रजिस्ट्रार ज्या देशात असतो, त्या देशाचे राजकारण त्याला लागू होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर नेमचीप या अमेरिकी रजिस्ट्रारने रशियातील ग्राहकांना, मोजके अपवाद वगळता, आपली नावे अन्यत्र हलवण्यास सांगितले. मुदत होती अवघ्या काही दिवसांची. त्या ग्राहकांत युद्धाशी काडीचाही संबंध नसलेले सामान्य दुकानदार असणारच. त्याच सुमारास युक्रेनने रशियाचे 'डॉट आरयू' हे खातेच बंद करावे अशी मागणी केली, ती मात्र आयकॅनने मान्य केली नाही. म्हणजे देशाच्या खात्यातील नाव टिकले, परक्या मध्यस्थाकडील ग्राहक उघड्यावर आला. यातून घ्यायचा तो बोध स्पष्ट आहे.

देशाच्या खात्याचेही नियम असतात, हे ब्रिटनमधील लोकांनी अनुभवले. ब्रिटन युरोपीय संघाबाहेर पडल्यावर, १ जानेवारी २०२१ रोजी तेथील रहिवाशांच्या हजारो 'डॉट ईयू' नावांचा वापर थांबवण्यात आला. नाव ज्या अंगणात घ्यायचे, त्या अंगणात आपला हक्क आहे का, हे पाहूनच घ्यावे. हल्ली फॅशन म्हणून दूरदूरच्या बेटांच्या खात्यांतली नावे घेतली जातात; कायमस्वरूपी संस्थेने तो मोह टाळावा.

सेवाभावी संस्थांचा ओढा 'डॉट ऑर्ग'कडे असतो. त्या वर्गाचे मूळ दप्तरच नोव्हेंबर २०१९ मध्ये एका खासगी गुंतवणूक कंपनीला एक अब्ज डॉलरहून अधिक किमतीस विकण्याचा घाट घातला गेला होता. जगभरातील संस्थांनी विरोध केला आणि ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनने ते हस्तांतर नाकारले. प्रसंग टळला, परंतु आपल्या दारावरच्या पाटीचा सौदा आपल्याला न विचारता होऊ शकतो, हे त्या वेळी उमगले. 'डॉट ऑर्ग' घेऊच नये असे मी म्हणत नाही. पण आपले मुख्य नाव 'डॉट इन' किंवा 'ऑर्ग डॉट इन' असावे, बाकीची जोडीला ठेवावीत, असे मला वाटते. शैक्षणिक संस्थांना तर 'एसी डॉट इन' आणि 'ईडीयू डॉट इन' ही नावे अर्नेट इंडिया या शासकीय संस्थेमार्फत कागदपत्रे पाहूनच मिळतात. त्या पाटीला आपोआप एक विश्वासार्हता येते.

नाव आपले असले की बाकी सारे बदलता येते, याचे मोठे उदाहरण केंद्र सरकारनेच घातले. सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचा ईमेल झोहो या भारतीय कंपनीच्या व्यवस्थेवर नेल्याचे २०२५ साली जाहीर झाले. पडद्यामागची यंत्रणा बदलली. पत्ते मात्र पूर्वीप्रमाणेच शासकीय 'डॉट इन' नावांचे राहिले. याउलट ज्या संस्थेचा सारा पत्रव्यवहार एखाद्या फुकट सेवेच्या पत्त्यावर चालतो, तिचा पत्ता त्या सेवेच्या मर्जीवर उभा असतो.

बँकांनी केले, ते संस्थांनी करावे

अलीकडे या विषयात देशात एक महत्त्वाचा पालट झाला. बनावट संकेतस्थळांवरून होणाऱ्या फसवणुकीस आळा घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये बँकांसाठी 'बँक डॉट इन' या राखीव वर्गाची घोषणा केली आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत स्थलांतर पूर्ण करण्यास सांगितले. या वर्गाचा एकमेव रजिस्ट्रार आहे हैदराबादची आयडीआरबीटी ही रिझर्व्ह बँकेनेच स्थापन केलेली संस्था. महाराष्ट्रातील नागरी सहकारी बँकांनाही हे करावे लागले. खर्च झाला, छापील साहित्य बदलावे लागले, कुरकुर झाली. पण त्यामागील तत्त्व फार मोलाचे आहे: नाव देणारा ओळखीचा असेल आणि तो मागणाऱ्याची शहानिशा करत असेल, तर नावालाच साक्षीचे मोल येते. ज्येष्ठ नागरिकांनी घरात एवढे तरी सांगून ठेवावे, की बँकेचे पान उघडल्यावर पत्त्याचे शेपूट 'बँक डॉट इन' आहे ना, हे पाहिल्याशिवाय एक अक्षरही भरायचे नाही.

आपल्या भाषेचाही प्रश्न येथे येतो. मराठी नाव रोमन लिपीत लिहिताना किती अडचणी! 'व'साठी व्ही लिहावा की डब्ल्यू? 'आ'साठी एक ए की दोन? शेवटी ए जोडावा की नाही? एकाच मंडळाचे नाव चार जण चार प्रकारे लिहितात, आणि या फटीतूनच तोतये शिरतात. यावर एक उपाय म्हणजे प्रचलित दोन-तीन वर्णलेखने नोंदवून ती सारी मुख्य नावाकडे वळवणे. दुसरा उपाय म्हणजे आपल्याच लिपीतले नाव. २०१४ च्या ऑगस्टमध्ये देवनागरीतील 'डॉट भारत' सुरू झाले. मराठी, हिंदी, कोंकणी अशा देवनागरी भाषांना ते खुले आहे. यंत्रणा आतल्या आत त्या नावाचे रोमन सांकेतिक रूप करून घेते, आपल्याला दिसते ते देवनागरीच. अडचण एवढीच की अजूनही अनेक संकेतस्थळांचे अर्ज देवनागरी ईमेल पत्ता नाकारतात. म्हणून आज ते एकमेव नाव म्हणून नव्हे, तर जोडीचे नाव म्हणून अवश्य घ्यावे. वापरणारेच नसतील तर अडचणी दूर करण्याची निकड कोणाला वाटणार?

ठराव हवा

आता मूळ मुद्दा. आपल्या संस्था माणसांच्या विश्वासावर चालतात. कार्यकर्ता पदरमोड करतो, पावती मागत नाही, कोणी त्याच्याकडे हिशोब मागितला तर आपल्यालाच ओशाळे वाटते. हे आपले बळ आहे. परंतु याच गुणाची दुसरी बाजू अशी की, संस्थेची वस्तू कार्यकर्त्याच्या खिशात राहते आणि त्याला कोणी वाईट म्हणत नाही, कारण हेतू चांगला असतो. जमिनीच्या बाबतीत आपण असे करत नाही. बँकेच्या खात्यावर दोन सह्या लागतात. मग ज्या नावाने आज संस्था ओळखली जाते, देणगी स्वीकारते, पत्रव्यवहार करते, ते नाव एका माणसाच्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवर का लोंबकळत ठेवावे? कार्यकर्त्यावरील विश्वास कायम ठेवूनही संस्थेची किल्ली संस्थेच्या कपाटात ठेवता येते. उलट त्याच्यावरचे ओझे त्यामुळे हलके होते.

म्हणून प्रत्येक संस्थेने येत्या बैठकीत एक छोटा ठराव करावा. नोंद संस्थेच्या अधिकृत नावावर असावी. संपर्काचा ईमेल पदाचा असावा, व्यक्तीचा नसावा; आणि तो त्याच डोमेनवरचा नसावा, कारण नाव बंद पडले की तो ईमेलही बंद पडतो. घराची किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेण्यासारखे ते होईल. कार्यवाह आणि कोषाध्यक्ष अशा दोघांना खात्यात जाता यावे. नूतनीकरण एकदम पाच वर्षांचे करावे आणि पुढची तारीख इतिवृत्तात लिहावी. दर वर्षी लेखापरीक्षणाच्या वेळी मालमत्तेच्या यादीत डोमेन नेम, रजिस्ट्रारचे नाव आणि मुदत या तीन गोष्टी वाचून दाखवाव्यात. नूतनीकरणाची खोटी पत्रेही येतात. आपला रजिस्ट्रार कोण हे यादीत असेल तर ती लगेच ओळखू येतात. पदाधिकारी बदलला की दप्तराबरोबर पासवर्डही सोपवावा आणि तो त्याच दिवशी बदलावा.

हे सर्व करण्यापूर्वी एक काम आजच करता येईल. आयकॅनच्या आणि 'डॉट इन' रजिस्ट्रीच्या संकेतस्थळांवर कोणत्याही नावाची नोंद पाहण्याची विनामूल्य सोय आहे. घरातील एखाद्या तरुणास शेजारी बसवावे आणि आपल्या संस्थेचे नाव तेथे टाकावे. रजिस्ट्रार कोण आणि मुदत कधी संपते, हे दोन मिनिटांत कळेल. नोंदणीदाराचे नाव गोपनीयतेमुळे कदाचित दिसणार नाही. ते मग ज्याने नोंदणी केली त्यालाच प्रेमाने विचारावे.

आमच्या वाचनालयाचे नवे नाव आता संस्थेच्या नावावर आहे. मुदतीची तारीख ग्रंथपालांच्या टेबलामागील भिंतीवर, वाचनालयाच्या वेळापत्रकाखाली, लिहून लावली आहे. जुनी पावतीपुस्तके संपेपर्यंत त्यांवरील जुना पत्ता शाईने खोडण्याचे काम पुण्याहून परत आलेल्या त्याच ज्येष्ठ सभासदांनी आपण होऊन अंगावर घेतले. रोज संध्याकाळी येतात, चष्मा लावतात आणि एकेका पावतीवर रेघ मारतात. ज्या पावत्या आधीच लोकांच्या घरी पोहोचल्या, त्यांवर मात्र आता रेघ मारता येणार नाही.